मागे बैल नव्हते

माझ्या दाजींबद्दल कोणी विचारलं की मी आधी विचारतो, कुठले दादाभाऊ हवेत? घोडीवर बसणारे की घोडीला नावं ठेवणारे? कारण गेली दोन-अडीच वर्षं आम्ही दुसऱ्या प्रकारचेच दादाभाऊ सांभाळत होतो. पहिल्या प्रकारचे कुठे गेले ते मला कळत नव्हतं, माझ्या बहिणीला कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दाजींनाही कळत नसावं.

दाजी अवसरी बुद्रुकचे. एक एकर बटाटा, दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. हे झालं पोटापुरतं. गावात त्यांची ओळख घोडीवाला म्हणून. आमच्या जुन्नर-आंबेगावात बैलगाडा पळतो तो चढावर. त्या चढाला घाट म्हणतात आणि एका पळण्याला बारी. चार बैल, त्यांच्या मागे हलका गाडा, आणि बैलांच्या पुढे एक घोडी. घोडी पळाली की तिच्यामागे बैल पळतात, आणि बारा-तेरा सेकंदांत सगळा खेळ आटोपतो. तेवढ्या वेळात घोडीवरच्या माणसानं एकच गोष्ट करायची नसते. लगाम ओढायचा नसतो. मागे चार बैल सुटलेले असतात, घोडी थबकली तर ते अंगावरून जातात. घोडी थांबवायचं काम घाटाच्या माथ्यावर उभ्या असलेल्या माणसांचं. ती हात पसरून आडवी होतात आणि घोडी धरतात. तोवर स्वारानं नुसतं बसून राहायचं.

दाजी वयाच्या पंधराव्या वर्षापासून असे बसत आले. मध्ये सात वर्षं शर्यतींवर बंदी होती. त्या काळातही त्यांनी मैनाला, म्हणजे त्यांच्या घोडीला, रोज बांधाबांधानं फिरवलं आणि खुराक घातला. आक्का म्हणायची, घोडीच्या वाटणीचा गूळ मला मिळाला असता तर मीच पळाले असते. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, जया. ती चेष्टा करायची, पण मैनाला पाणी दाखवल्याशिवाय स्वतः कधी जेवली नाही.

बंदी उठली आणि पहिल्याच चैत्रात, गाडामालक बाळासाहेबांच्या गाड्यापुढे पळताना, मैना घाटाच्या मध्यावर पडली. दाजी पडले. बैल वरून गेले. दाजींच्या खांद्याचं हाड मोडलं आणि मांडीत सळई बसली. मैना तेव्हा उठली, पण पुढच्या पावसाळ्यात पोटात कळ येऊन मेली. दवाखान्यात जो भेटायला येईल त्याला दाजी एकच सांगायचे, "मैनाचा पाय घसारला." बाळासाहेबांना सांगितलं, मला सांगितलं, आक्काला सांगितलं. आम्हीही तेच पुढे सांगत राहिलो.

हाडं जुळली. मग नवीन घोडी बघायचं सुरू झालं, आणि माझ्या पिकअपचे हाल सुरू झाले. मी खोडदचा. नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोची क्रेट वाहतो. हंगाम सोडून मी दाजींना अकलूजच्या बाजारात नेलं, सारंगखेड्याच्या यात्रेत नेलं, आणि दर वेळी गाडीवरचा पिंजरा रिकामा घेऊन आलो. घोडीवाले लोक घोडीच्या अंगावरचे भोवरे बघतात. गळ्यावर देवमण नावाचा भोवरा असला तर घोडी भाग्याची, आयाळीखाली उलटा भोवरा असला तर ती स्वार पाडणारी, अशी त्यांची समजूत. दाजी प्रत्येक घोडीच्या अंगावर असं काही ना काही शोधून काढायचे. भोवरा नाही सापडला तर कान. कान चांगले निघाले तर, "हिची नजर बरूबर न्हाई." घोडीवर बसून बघा म्हटलं की, "नजर बरूबर नसल्यावं बसायचं कशाला?"

मला आधी वाटायचं, माणूस चोखंदळ आहे. मग वाटायला लागलं, माणूस घाबरला आहे. पण तसं विचारायची हिंमत होत नव्हती. अंगणात बसून दुसऱ्यांच्या घोड्यांना नावं ठेवणारा तो माणूस पुन्हा कधी घोडीवर चढणार की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि घरात त्यावर कोणी बोलत नव्हतं.

शेवटी आक्का बोलली. मार्केटला येणाऱ्या एका ड्रायव्हरनं मला बाडमेरकडच्या खेताराम नावाच्या माणसाचा नंबर दिला होता. तो वाळवंटातल्या वस्त्यांवर फिरून घोड्या दाखवतो म्हणे. निघायच्या सकाळी आक्कानं मला गोठ्याच्या मागे बोलावलं.

"भरत, ही शेवटची खेप. घोडी आण नायतर आणू नको, मला त्याचं काय न्हाई. पर त्यांना येकदा बसव. बसले तर बसले. न्हाई बसले तर म्याच सांगते, आता हा नाद सोडा आन् म्हशी बघा. दोन वर्सं झाली, मला कळंना मी कोणाच्या घरात नांदती."

"आन् पडले तर?"

"पडले तर उचल," आक्का म्हणाली आणि शेणाची पाटी घेऊन निघून गेली. मी तिथेच उभा. बहीण काळजीनं बोलली की रागानं, ते मला बाडमेरपर्यंत कळलं नाही.

पिकअपच्या हौद्यात मढ गावच्या एका ओळखीच्याकडून आणलेला भाताचा पेंढा अंथरला होता आणि वर लाकडी फळ्यांचा पिंजरा बांधला होता. दोन दिवस गाडी चालवून बाडमेरला पोचलो. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला खेताराम आमच्यामध्ये सीटवर येऊन बसला आणि हातानं समोर दाखवून म्हणाला, "बस, सामने."

समोर काही नव्हतं. डांबरी रस्ता संपला, मग कच्चा रस्ता संपला, मग नुसत्या चाकोऱ्या उरल्या, आणि त्याही फुटत गेल्या. मी खोडदचा माणूस. आमच्याकडे घराबाहेर पाऊल टाकलं की एका बाजूला रेडिओ दुर्बिणीची अँटेना दिसते आणि दुसऱ्या बाजूला नारायणगड. झोपेतून उठवलं तरी सांगेन मंचर कुठे आणि ओतूर कुठे. इथे कुठेही बघा, वाळू, खुरटी झुडपं आणि आभाळ. खेताराम म्हणायचा सामने, मी वळायचो, तर वळल्यावरही त्याचं सामनेच. दोनदा मला वाटलं की आपण त्याच झुडपाजवळून जातोय. विचारलं तर तो म्हणाला, "नहीं, वो दूसरा था." झुडपाची ओळख पटवून घ्यायची वेळ माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा आली.

दाजी खिडकीतून एकटक बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "भरत, हितं चढच न्हाई रं कुटं."

"मग?"

"मग ह्यांची घोडी पळून पळून जाती कुटं?"

मी म्हटलं, तिलाच विचारा.

पहिल्या वस्तीवर काळी घोडी होती. दाजींनी तिच्या कपाळावर जोडभोवरा काढला. दुसऱ्या वस्तीवरची लाल घोडी मला तर फार आवडली, पण ती उंच निघाली. तिसरीत कसलाच दोष सापडेना. दाजींनी तिच्याभोवती चार फेऱ्या मारल्या, खुर उचलून बघितले, दात बघितले, आणि मालकाला अगदी गंभीरपणे म्हणाले, "इसका सब अच्छा है, पर ये हमको बघके हसती है."

मालक माझ्याकडे बघायला लागला. मी खेतारामकडे बघितलं. खेताराम आभाळाकडे. मला असा राग आला की मी पिकअपचं दार धाडकन लावून बसलो. दोन दिवसांचं डिझेल, माझा हंगाम, आक्काचा तो चेहरा, सगळं एकदम डोक्यात गेलं.

"दाजी, खरं सांगा, तुमाला घोडी घ्यायची हाय का न्हाई?"

"घ्यायची हाय की."

"मग बसून का बघत न्हाई?"

"बसायजोगी तर दिसू दे," ते म्हणाले. पण माझ्याकडे न बघता म्हणाले, आणि हात खिशात घातला. त्या खिशात भंडाऱ्याची पुरचुंडी असायची. बारीच्या आधी घोडीच्या कपाळाला भंडारा लावल्याशिवाय दाजी कधी बसले नाहीत. ती पुरचुंडी अकलूजला आली, सारंगखेड्याला आली, आणि गाठ न सुटता घरी गेली. मला एकदम त्यांची कीव आली. मग कीव आल्याचाही राग आला. मग काय करावं ते कळेना म्हणून गाडी चालू केली.

चौथ्या वस्तीवर दोन गोल झोपड्या होत्या, काट्यांचं कुंपण होतं आणि एक म्हातारी. मुलं सुरतेला कामाला, घोडीवर बसणारं घरात कोणी उरलं नाही, म्हणून विकायची, असं खेतारामनं सांगितलं. घोडी करड्या रंगाची होती, अंगानं मध्यम, कान आत वळलेले. दाजी सवयीनं तिच्या मानेकडे हात घेऊन गेले, तसा म्हातारीनं पदराआडून आवाज टाकला. खेतारामनं हिंदी करून सांगितलं, "माँजी बोलती हैं, पहले बैठो, फिर देखो. बिना बैठे हाथ नहीं लगाने देंगी."

"म्हंजी?" दाजी गडबडले. "आदी भोवरा बगू दे की."

खेतारामनं विचारलं. म्हातारीनं मान हलवली. तिच्या घरची रीतच तशी. तिच्या नवऱ्यानं कुणाला घोडी नुसती उभी दाखवली नाही. ज्याला बसता येतं त्याला दाखवायची, बाकीच्यांना पाणी पाजून वाटेला लावायचं.

दाजी माझ्याकडे बघायला लागले. मी मुद्दाम टायर बघत होतो. आक्कानं सांगितलेलं काम त्या म्हातारीनं एका वाक्यात केलं होतं.

मग दाजींनी चपला काढल्या. पुरचुंडीची गाठ ओली होऊन वाळून इतकी आवळली होती की त्यांना ती दातानं सोडावी लागली. भंडारा घोडीच्या कपाळाला लावला, थोडा स्वतःच्या लावला, आणि मला म्हणाले, "भरत, गाडी चालू कर. मागं बैल लागत्यात."

"इथं बैल कुटनं आणू?"

"तूच व्हय बैल. माज्या मागं गाडी आण. हारन वाजीव. मागं काय नसलं तर मला सुधरायचं न्हाई."

वस्तीच्या पुढे कडक, पांढरट, सपाट भुई होती. दाजींनी खोगीर काढायला लावलं. खेतारामनं हाताचा आधार दिला, सळईचा पाय उचलताना दाजींचं तोंड वाकडं झालं, आणि पुढच्या क्षणी ते वर होते. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना खालून वर बघत होतो. मला भडभडून आलं. पण मला बैल व्हायचं होतं, म्हणून मी जाऊन बसलो.

हॉर्न दाबला आणि घोडी सुटली. काय सुटली! मी दुसऱ्या गिअरवरून तिसरा टाकेपर्यंत ती पन्नास हात पुढे. दाजी पुढे वाकलेले, कोपरं अंगाला चिकटलेली, टोपी उडाली तरी भान नाही. ते अवसरीच्या घाटातले दाजी होते, जसेच्या तसे. मी एका हातानं हॉर्न वाजवत होतो आणि गाडीत एकटाच ओरडत होतो, "झाली! झाली बारी!" बारा सेकंद झाले असतील, तेरा झाले असतील.

आणि कडक भुई संपली. पिकअपचं पुढचं चाक वाळूत गेलं, मी जोर दिला, मागचीही गेली. गाडी पोटावर बसली. घोडी थांबली नाही. ती वाळूतूनही तशीच चाललेली. मी खिडकीतून ओरडलो, "दाजी, बास! थांबा!" एवढ्या लांबून काय ऐकू जाणार? मग मी हॉर्न वाजवला, त्यांनी वळून बघावं म्हणून. लांबलचक वाजवला. तशी ती दोघं आणखी जोरात निघाली.

पळत येणाऱ्या खेतारामनं आत हात घालून माझा हात हॉर्नवरून उचलला. "क्यों भगा रहे हो उनको?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दाजींच्या लेखी मागे बैल होते. मागे बैल असताना लगाम ओढायचा नाही, मागे बघायचं नाही. माथ्यावर माणसं असतील, ती घोडी धरतील. पण इथे माथा नव्हता. माणसं नव्हती. घाटच नव्हता. दाजींचा एक ठिपका झाला, मग झुडूपही ठिपका आणि दाजीही ठिपका, मग कुठला कोण ते कळेना.

पुढचा तास मी कसा काढला ते मला नीट आठवत नाही. खेताराम चाकांमधली हवा कमी करत होता, मी हातानं वाळू उपसत होतो आणि उपसली तेवढीच परत घसरत होती. मोबाईलला रेंज नव्हती. असती तर आक्काला काय सांगणार होतो? बसले म्हणून सांगू की गेले म्हणून सांगू? म्हातारी पाण्याची कळशी घेऊन आली. तिला कसली घाई नव्हती. "घोडी घर जानती है," खेतारामनं तिचं म्हणणं सांगितलं. "पानी के टाइम आ जाएगी."

आणि घोडी आली. गाडी नुकती वाळूतून निघाली होती. घोडी घामानं काळी पडलेली, लगाम जमिनीवर लोळतोय, शांतपणे चालत आली आणि म्हातारीच्या कळशीत तोंड घातलं. पाठीवर कोणी नव्हतं.

मी गाडीत बसलो, पण किल्ली फिरवायची सोडून त्या रिकाम्या पाठीकडेच बघत राहिलो. खेतारामनं मला बाजूला सारून स्वतः गाडी घेतली. घोडीच्या खुरांचे जातानाचे ठसे धरून आम्ही निघालो. ठसे सरळ होते. तुम्ही विश्वास ठेवा न ठेवा, मोकळ्या वाळवंटात, जिथे कुठेही वळता येतं, तिथे त्या माणसानं पट्टी लावून आखल्यासारखी सरळ रेघ ओढली होती. पाच-सहा किलोमीटर गेलो असू. एका ठिकाणी वाळू चिवडलेली दिसली. तिथून माणसाच्या अनवाणी पायांचे ठसे निघाले होते, आणि ते वस्तीच्या विरुद्ध दिशेला गेले होते.

दाजी एका टेकाडाच्या उतारावर बसलेले सापडले. केसांत वाळू, भुवयांत वाळू, कपाळाचा भंडारा घामानं नाकावर ओघळलेला. मला बघून म्हणाले, "आलास व्हय? म्या तुमच्याकडंच निगालो व्हतो."

"दाजी, तुमी उलटे चाललाय!"

"आसं?" त्यांनी दोन्हीकडं बघितलं. "हितं उलटं सुलटं काय कळंना राव. जरा चढ दिसला म्हनून चढाकडं आलो. म्हटलं वर कोणतरी आसंल."

मी त्यांचे हात-पाय दाबून बघायला लागलो. त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"लागलं न्हाई. वाळू हाय. घोडीनं न्हाई पाडलं, भरत. म्याच हात सोडलं. किती येळ घाट संपायची वाट बगितली. मानसं दिसंनात. लगाम वढायची छाती व्हईना. मागं तुजा हारन वाजतोय आसंच कानात. मग म्हटलं, पडतो."

"अवो, पर मागं काय नव्हतं! वढायचा की लगाम!"

मूठभर वाळू घेऊन त्यांनी ती हळूहळू सोडली, दोनदा, तीनदा. मग म्हणाले, "येकदा वढला व्हता."

मला कळलंच नाही.

"आवसरीच्या घाटात. मैनाचा पाय न्हवता घसारला. सात वर्सांनी बारीला बसलो व्हतो, मागं बैलांचा दणका आइकला आन् भ्यालो. म्या लगाम वढला. ती बिचारी थांबली. म्या म्हटलं म्हनून थांबली. बैल आलं अंगाव." त्यांनी नाकावरचा भंडारा पुसला. "आन् म्या समद्या गावाला सांगितलं, घोडीचा पाय घसारला. ती मेली तरी म्या तेच सांगत बसलो."

दोन वर्षं मी मैनाला दोष देत होतो. मार्केटच्या चहाच्या टपरीवर किती जणांना सांगितलं असेल, घोडी म्हातारी झाली होती, दाजींनी ऐकलं नाही म्हणून. माझाच मला राग आला, दाजींचा आला, आणि तरी त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. मी फक्त त्यांच्या केसांतली वाळू झटकली. खेताराम गाडीजवळ उभा राहून आम्ही भांडतोय की रडतोय याचा अंदाज घेत होता. त्यालाही तो लागला नाही.

वस्तीवर परत आलो तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. म्हातारीनं दाजींना नखशिखान्त बघितलं, बाजूला झाली, आणि घोडीकडं हात केला. आता बघ म्हणाली. बसून झालं होतं, बघायचा हक्क झाला होता.

दाजी घोडीजवळ गेले. गळ्याखालून हात फिरवला, छाती बघितली, कपाळ बघितलं. मग डाव्या हातानं मानेवरची आयाळ उचलली. मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो, त्यामुळे मलाही दिसलं. आयाळीच्या मुळाशी, उजवीकडं, केसांचा स्वच्छ, गोल, उलटा भोवरा. स्वार पाडणारीचा भोवरा. अकलूजला याच्या निम्म्या भोवऱ्यावर त्यांनी एक घोडी सोडली होती.

आणि ही तर तासाभरापूर्वी खरोखर रिकाम्या पाठीनं परत आली होती! मी मनात म्हटलं, संपलं. पिंजरा रिकामा. आता दोन दिवस हेच ऐकत परत जायचं.

दाजींनी आयाळ खाली सोडली. त्यावर पंजा ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला.

"काय निगालं?" मी विचारलं, दिसलं असूनही.

"देवमण," दाजी म्हणाले. "गळ्याला हाय बग. बाकी काय न्हाई. अंग साफ हाय."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. गळ्याला देवमण नव्हतं, मी बघितलं होतं. बिनदोषाच्या घोड्यांना दोष लावणारा माणूस दोषाच्या घोडीला साफ म्हणत होता. मला आधीचे दाजी कळत नव्हते, आता हेही कळेनात. पण मी मान हलवली आणि म्हटलं, "व्हय, साफ हाय."

पिकअप एका टेकाडाला उलटी लावून घोडी चढवली. चढताना तिनं मढच्या भाताचा पेंढा हुंगला आणि खायलाच लागली. म्हातारी हौद्यापाशी येऊन फळीवर हात ठेवून उभी राहिली. दाजींनी तिला वाकून नमस्कार केला. परतीच्या वाटेवर दाजी दर तासाला गाडी थांबवायला लावत होते, घोडी बघायला. एकदाही त्यांनी तिला नाव ठेवलं नाही.

घरी पोचलो तर आक्का दारात. तिनं घोडीकडं नाही, माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "बसले."

"आन्?"

"पडले."

"मग?"

"मग उचलले."

आक्कानं पदर डोळ्याला लावला, मग घोडीसाठी पाण्याचं घमेलं आणलं. त्या रात्री दाजींनी तिला काय सांगितलं, किती सांगितलं, मला माहीत नाही. मी खोडदला निघून आलो होतो, माझे टोमॅटो वाट बघत होते.

आठ दिवसांनी, आपल्या गाड्यापुढे लावायची का ते ठरवायला, बाळासाहेब घोडी बघायला येणार म्हणून मला बोलावणं आलं. बाळासाहेब म्हणजे भोवऱ्यांचे मोठे जाणकार, चार बैल त्यांनी भोवरे बघूनच घेतलेले. घोडी अंगणात बांधली होती. आयाळ उजवीकडं वळवून, तेल लावून, चापूनचोपून बसवलेली. हे काम दाजींचं नव्हतं, एवढी व्यवस्थित वेणी-फणी त्यांना जमत नाही.

बाळासाहेबांनी खुर बघितले, छाती बघितली. "चाल कशीय?"

"सरळ," मी म्हणालो. "लई सरळ."

"आन् दादाभाऊ, भोवरं?"

"देवमण हाय," दाजी म्हणाले. त्यांची नजर मात्र जमिनीवर.

बाळासाहेब मानेकडं वळले. तेवढ्यात आक्का पुढे झाली. घोडीच्या उजव्या बाजूला उभी राहिली, तिच्या मानेवर, बरोबर त्या जागी तळहात ठेवला आणि खाजवायला लागली. घोडीनं डोळे अर्धे मिटले.

"बाळासाहेब, आदी च्या घ्या," आक्का म्हणाली. "हिला माणूस लई लागतं. मी हात काढला का ही वरडती."

बाळासाहेबांनी आक्काकडं बघितलं, दाजींकडं बघितलं. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "साखर कमी घाला."

आक्का काही हलली नाही. चहा मलाच करावा लागला.